रोज एकच पान उघडणारा इसम

त्या अर्जाची आठवण झाली की मला आजही हसू येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, रात्रीच्या रात्री नाकाबंदीत काढल्या; पण घरी पाहुणे आले की बायको मला सांगायला लावते ते हेच प्रकरण.

दोन हजार सात-आठचा सुमार. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्यात एक संगणक होता. त्याला कापडी खोळ घातलेली असे आणि ती काढायचा अधिकार फक्त ठाण्याचं दप्तर लिहिणाऱ्या रायटरला होता. एका बुधवारी सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत बसलो होतो, तेवढ्यात पंचविशीतली एक मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन आत आली. साखऱ्याकडच्या एका तांड्यावरची होती. सेनगावात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची.

"साहेब, एक माणूस रोज आमच्या दुकानात येऊन राहिला. माझ्या याडीला बघतो अन् काही न घेता निघून जातो." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

"दुकान कुठं आहे?"

"इंटरनेटवर."

आमचे ठाणे अंमलदार हवालदार लिहिता लिहिता थांबले. "मंग तो आत येतो कुठून, वायरीतून का?"

मुलगी हसली नाही. मी हवालदारांना डोळ्यांनी गप्प केलं आणि तिला खुर्ची दिली. तक्रार कितीही विचित्र असली तरी तक्रारदाराला आधी बसवावं, हा माझा शिरस्ता होता. उभा माणूस तक्रार करतो आणि बसलेला माणूस हकिकत सांगतो.

हकिकत अशी होती. तांड्यावरच्या बारा बायका भरतकाम करायच्या. आरसे आणि कवड्या लावलेल्या पिशव्या, तोरणं, उशांचे अभ्रे. ते विकायला या मुलीनं वेबसाइट काढली होती. प्रत्येक बाईला एक पान, त्यावर तिच्या हातचं काम आणि काम करतानाचा फोटो. दुकानात कोण येतं-जातं ते कळावं म्हणून तिनं एक फुकटची मोजणी लावली होती.

"चार ओळी असतात साहेब. त्या पानाच्या बुडाला चिकटवायच्या. कुणी पान उघडलं की नोंद होते. किती वाजता आला, कोणत्या गावाहून आला, काय बघितलं, किती वेळ थांबला, तोच पुन्हा आला का."

"नाव?"

"नाव न्हाई कळत."

"म्हणजे लॉजचं रजिस्टर, फक्त नावाचा रकाना कोरा," मी म्हणालो. मला सगळं समजलं असं वाटलं, आणि ते अर्थातच खरं नव्हतं.

ही मोजणी बसवतानाही तिची बरीच फजिती झाली होती. आधी तिनं त्या ओळी फक्त पहिल्या पानावर चिकटवल्या. त्यामुळे नोंदीवरून असं दिसायचं की येणारा प्रत्येक जण दारातूनच परत फिरतो. बिचारी दोन दिवस जेवली नाही. मग चूक लक्षात आली, ओळी सगळ्या पानांवर गेल्या आणि आकडा धडाधडा चढायला लागला. गावं पाहिली तर सगळी गिऱ्हाइकं मुंबईची! तांड्यावर पेढे वाटले गेले. आठवड्यानं कळलं की ती गिऱ्हाइकं म्हणजे ती स्वतःच होती. आकडा वाढला का ते बघायला ती दुकान उघडायची, आणि तिनं उघडलं म्हणून आकडा वाढायचा.

"मंग मी माझ्या मशीनची मोजणी बंद केली. आता येतात ती खरी गिऱ्हाइकं. कमी येतात पण खरी येतात. अन् त्यात हा एक."

तिनं कागद पुढे केले. मुंबईचा कुणी एक इसम, एकाच मशीनवरून, जवळजवळ रोज. बाकीच्या अकरा बायकांच्या पानांकडे ढुंकूनही पाहत नसे. फक्त हिच्या आईचं पान. दहा मिनिटं, कधी पंधरा. मग निघून जायचा.

"बघितलं म्हणून गुन्हा होत नाही बाई," मी म्हणालो. "दुकान आहे, लोक बघणारच."

"ते मला कळतं साहेब. तांड्याला कसं सांगू?" ती पुढे म्हणाली, "मुंबईचा माणूस रोज आपल्या बाईला न्याहाळतो, ही गोष्ट समद्यांना कळली. तांड्याच्या नायकानं बैठक घेतली. रविवारपर्यंत माणूस कोण ते कळलं तर ठीक, न्हाई तर फोटो काढायचे, दुकान बंद, बायकांनी सुया खाली ठेवायच्या. बारा बायकांच्या कामाला पयल्यांदा त्यांचं नाव लागलंय साहेब. माझी याडी म्हणते, माझ्यापायी बाकीच्या अकराजणींचं काहून बंद करता?"

दखलपात्र असं यात काहीच नव्हतं. अर्ज दाखल करून घ्यावा, आठ-पंधरा दिवसांनी 'चौकशी केली' असा शेरा मारावा आणि फाईल मिटवावी, असं मला करता आलं असतं. पण ती मुलगी खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. ज्या माणसाला नकाराची सवय असते तो असाच बसतो. मी अर्ज माझ्याच नावावर घेतला.

आम्हाला शिकवलेलं आहे की संशयिताच्या आधी फिर्यादीला विचारावं. दुपारी मी तिला पुन्हा बसवलं.

"तुम्ही स्वतः दुकान उघडायचात तेव्हा सेनगावात बसून उघडायचात ना?"

"व्हय."

"मग पेढे मुंबईच्या गिऱ्हाइकांचे कसे वाटले?"

तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "माझी नोंद बी मुंबईचीच दाखवत होती साहेब! फोनची लाइन तिकडून फिरून जाते म्हून."

"म्हणजे हा इसम मुंबईचा असेलच असं नाही."

"कुठला बी असू शकतो."

तपास पुढे गेला की मागे, ते मला कळेना. मुंबईचा एक माणूस शोधायचा होता, आता महाराष्ट्रातला कुठलाही. मी वैतागून कागद टेबलावर पसरले. आमचे हवालदार चहा घेऊन आले आणि कप ठेवता ठेवता वाचायला लागले. त्यांच्या बायकोची पिठाची गिरणी होती, हे इथं सांगायला हवं.

"साहेब, हा माणूस एक आठवडा सकाळी अकराच्या पुढं येतो. दुसऱ्या आठवड्यात दुपारी चारनंतर. पुन्हा अकरा, पुन्हा चार."

"वेळ बदलून चकवतोय," मी म्हणालो.

"चकवत न्हाई. हे लायटीचं टायमटेबल हाय."

त्या उन्हाळ्यात भारनियमनानं जिल्हा हैराण होता. एका भागात सकाळी वीज असली की दुसऱ्या भागात नसायची आणि दर आठवड्याला पाळी फिरायची. ज्याच्या घरी गिरणी, त्याला ते वेळापत्रक तोंडपाठ. मुंबईत तेव्हा असं काही नव्हतं. वीज येण्याची वाट बघत बसणारा माणूस आमच्यापैकीच कुणीतरी होता.

हवालदारांनी ताबडतोब वीज उपकेंद्रातल्या ओळखीच्या ऑपरेटरला फोन लावला. मागच्या आठवड्यात अकराला आणि या आठवड्यात चारला वीज कुठल्या लाइनवर येते? उत्तर आलं, कनेरगाव नाक्याची लाइन. त्या लाइनवर गावं बरीच होती, पण इंटरनेटचं दुकान एकच. हवालदारांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला त्यांना चहा पाजावा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं साध्या कपड्यांत कनेरगाव नाक्याला पोचलो. ढाब्यांच्या रांगेपलीकडे झेरॉक्स आणि फोटोचं एक दुकान होतं, आत एक संगणक. साधे कपडे असले तरी पोलिसांचे बूट लपत नाहीत. दुकानदारानं आमच्या पायांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"साहेब, त्या शिनेमाच्या सीड्या माझ्या न्हाईत. मेव्हण्यानं ठेवल्या."

कुठल्या सीड्या, हे आम्ही विचारलंही नव्हतं. ज्याच्या मनात चोर असतो तो न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. "सीड्यांचं नंतर बघू," असं म्हणून मी त्याला ते पान दाखवलं आणि हे रोज कोण उघडतं ते विचारलं. त्याचा जीव भांड्यात पडला. "हे व्हय? बसा की, लाइट आली की येतीलच."

चारला पंखा फिरायला लागला. आम्ही दाराकडे डोळे लावून बसलो. मी मनात एक माणूस उभा केला होता, काळा चष्मा घातलेला, केसांना तेल चोपडलेला. पाच-दहा मिनिटांनी आत आली साठी उलटलेली एक म्हातारी. हातात रिकामी दुधाची कॅन. कुणाशी न बोलता ती स्टुलावर बसली, चष्मा पुसला, आणि दुकानदारानं न विचारता ते पान उघडून दिलं. म्हातारीनं नाक जवळजवळ काचेला लावलं.

हवालदार माझ्या कानाशी लागले. "साहेब, आरोपी हीच का?"

मी ओळख सांगितली आणि बाईंना विचारलं की रोज हे पान कशासाठी बघता. म्हातारी जराही घाबरली नाही.

"काहून? बघणं गुन्हा हाय का? बघणारी चोर, अन् जिनं समद्या दुनियेला दिसंल असा फोटो लावला ती साव?"

मी प्रश्नच बदलला.

"फोटोतली बाई तुमची कोण?"

तिनं काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "धाकटी भैन."

वीस वर्षांपूर्वी धाकटीच्या पहिल्या मुलीचं लग्न होतं. नवरीची कांचळी, म्हणजे आरसे लावलेली चोळी, धाकटीनं महिनोन्‌महिने बसून भरली होती. थोरलीनं, म्हणजे या म्हातारीनं, सगळ्या पाहुण्यांसमोर ती हातात घेतली आणि टाका वाकडा आहे म्हणून सांगितलं. धाकटीला सुई धरायला तिनंच शिकवलं होतं, म्हणून ते जास्त लागलं. त्या दिवसापासून येणं-जाणं बंद. मध्यंतरी या दुकानात रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला ती आली होती. दुकानदार कुणासाठी तरी भरतकामाची चित्रं शोधत होता. म्हातारीनं आधी काम ओळखलं, मग चेहरा.

"मंग रोज येते. वाकडा टाका हुडकायला. एक तरी सापडंल म्हून येते." तिनं चष्मा काढला. "न्हाई सापडत साहेब. एक बी न्हाई. तवा बी नसंल."

मी तिला तांड्यावरची परिस्थिती सांगितली. तुम्ही बघता म्हणून दुकान बंद व्हायची वेळ आली आहे, रविवारी फैसला आहे, एकदा चला आणि सांगा, असं म्हणालो.

"म्या? आपल्या पायानं? वीस वर्सं गेले न्हाई अन् आता जाऊ?"

"मग मीच त्यांना सांगतो."

ती कॅनचं झाकण उघडत-लावत बसली. मग एकदम माझ्याकडे वळली. "पोलिसांनी पकडून नेलं तर जावंच लागतं ना?"

"हो, जावंच लागतं."

"मंग पकडा की."

हवालदारांनी तोंड फिरवून घेतलं. मी अगदी गंभीर चेहऱ्यानं खिशातली वही काढली आणि 'रविवारी सकाळी दहा वाजता चौकशीकामी साखऱ्याकडील तांड्यावर हजर राहावे' असं लिहून, खाली सही करून कागद तिच्या हातात दिला. कायद्यात त्याला काडीचाही आधार नव्हता. तिनं तो दुकानदाराकडून वाचून घेतला, घडी घातली आणि कमरेला खोवला.

रविवारी आम्ही तिला न्यायला गेलो तेव्हा ती धुवट लुगडं नेसून फाट्यावर आधीच उभी होती. तांड्यावर नायक आणि मंडळी लिंबाखाली बसली होती. मी जीपमधून थोरलीला उतरवलं आणि सांगितलं, मुंबईचा इसम तो हाच. आपल्या दारातून धाकटी दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

"मी न्हाई आले," थोरली म्हणाली. "पोलिसांनी आणलं."

"मंग पोलिसांना च्या देते," धाकटी म्हणाली. "तू बस."

थोरली बसली नाही. धाकटीच्या हातात अर्धवट भरलेलं तोरण होतं, ते तिनं ओढून घेतलं, उन्हात धरलं, उलटसुलट करून पाहिलं. धाकटीनं विचारलं, "सापडला का?"

"न्हाई," थोरली म्हणाली. "कवाच नव्हता."

आणि दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडून असा गळा काढला की हवालदारांना वाटलं मारामारी जुंपली. ते काठी सावरून धावले. नायकानं त्यांना हाताला धरून खाली बसवलं. तांड्यावर बायका खूप दिवसांनी भेटल्या की सुरात रडतात, तो रिवाज आहे. वीस वर्षांचं रडणं होतं, ते चांगलं तासभर चाललं. आमचा चहा गार झाला आणि दुसरा आला. दुकान बंद करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

अर्जावर मी शेरा मारला, 'सदर इसम अर्जदाराची मावशी असून गुन्ह्याचा प्रकार आढळून आला नाही. अर्ज दप्तरी दाखल.' वरिष्ठांनी त्यावर नुसती सही केली. महिनाभरानं त्या मुलीचा फोन आला. "साहेब, दुकानाचा रोजचा आकडा एकानं उतरला." मी म्हणालो, उतरू दे. मावशी आता आठवड्यातून दोनदा एसटीनं तांड्यावर येत होती आणि सगळ्या बाराजणींच्या कामात खोड्या काढत होती.

संशयानं बघणारा आणि मायेनं बघणारा, दोघंही कागदावर सारखेच दिसतात, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं. आमची सगळी नोकरी पहिल्याला शोधण्यात गेली. दुसराही असू शकतो, हे कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. पुढे निवृत्त होईपर्यंत, अमका माझ्या घरावर पाळत ठेवतो, रोज समोरून जातो, थांबून बघतो, असा अर्ज घेऊन कुणी आलं की मी त्याला आधी बसवायचो आणि विचारायचो, "तुमचं कुणाशी बोलणं बंद आहे का?" पुष्कळदा तक्रारदार मान खाली घालायचा, आणि मी रायटरला पेन खाली ठेवायला सांगायचो.