सलासियाची वाफ

कुइनच्या कालव्याकाठी नवरीला घाम येऊ नये म्हणून आधी तिला उकडून काढतात. ही अक्कल मुळात कुणाची, ते कुणी विचारत नाही; पण गेली एकतीस वर्षं उकडण्याचं हे काम जुलक सलासियाकडे आहे. थोरल्या मावशीला तिथं जुलक म्हणतात. सलासिया सख्खी मावशी अशी कुणाचीच नाही, म्हणून साऱ्या कालव्याची आहे.

या प्रकाराला तिमुंग म्हणतात. उकळत्या पातेल्यात गवती चहा, दालचिनी, लवंग आणि लिंबाची पानं. पातेल्यावर तिवई, तिवईवर नवरी, नवरीभोवती लव्हाळ्याची चटई आणि चटईवर चार जाड चादरी. बाहेर फक्त फडकं बांधलेलं डोकं. अंगातलं पाणी आज निथळलं, की रविवारी लग्नाच्या मंचावर पाच तास बसलं तरी थेंब फुटायचा नाही, असं शास्त्र. रविवारीही कुइनची हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर पडलेली असते, हे शास्त्राला कुणी कळवलेलं नसावं.

सलासियाचं स्वतःचं तोंड मात्र कायम कोरडं. सकाळी उठल्याउठल्या ती पुपुर फासते. तांदूळ आठवडेच्या आठवडे भिजवून, घराला वास मारेपर्यंत आंबवून, वाटून, उन्हात वाळवलेल्या त्या गोळ्या. एक गोळी पाण्यात कालवली की चेहरा गार आणि पांढराफटक. ऊन, घामोळं आणि उसनं मागणारे शेजारी, तिन्ही लांब राहतात.

पण गेल्या मोसमात तिच्या हातची एक नवरी मंचावर घामाघूम झाली. काजळ हनुवटीपर्यंत आलं आणि गावच्या बायकांनी अत्यंत दुःखी चेहऱ्यानं ते फोनवर टिपून घेतलं. सलासियाची वाफ उतरली, असं दुसऱ्या दिवशी बाजारात भोपळे विकणारीसुद्धा सांगत होती. दोन नवऱ्या शहरातल्या पार्लरात गेल्या. अरबैनानं आपल्या लेकीसाठी, नोरलैलासाठी, सलासियाला बोलावलं ते लांबच्या नात्याला लाजून. हिला घाम फुटला, तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे सलासियाला कुणी सांगायची गरज नव्हती.

गुरुवारी तिनं पातेलं चढवलं, तेव्हा नवरीची रंगभूषा करणारी रिझ्का चेहरा तपासायला आली होती. तिच्याकडे पेटी होती, पेटीत पेटी होती, आणि सगळ्यांवर ‘घाम-रोधक’ असं लिहिलेलं होतं. तिनं सलासियाकडे निरखून पाहिलं.

“जुलक, भिंतीला पुट्टी मारतात तसं काय हे तोंडाला?”

“माझा एकच हात असतो, बाई. तुझे किती?”

वीस थर, रिझ्कानं अभिमानानं सांगितलं, आणि वाफेनं त्वचेची रंध्रं उघडतात म्हणून नाक मुरडत निघून गेली.

नोरलैला चटईत बसली. सलासियानं झाकण सरकवलं. वाफ वर आली आणि पोरीचा चेहरा उकडलेल्या कोळंबीसारखा लाल झाला. कपाळावर तीन मुरमं, नाकाजवळ काळे डाग. सलासियानं ते पाहिलं आणि वाट बघत बसली. कारण एकतीस वर्षांत मसाल्यांवरचा तिचा विश्वास हळूहळू संपला होता. चटईत बसलेल्या पोरी बोलायला लागतात, रडतात. चेहऱ्यावरून निथळतं त्यात घाम किती आणि आसवं किती, हे बाहेरच्याला कळत नाही. बोलून मोकळ्या झालेल्या पोरी मंचावर कोरड्या बसतात. गेल्या मोसमातली ती अर्धा तास गप्प होती.

नोरलैलाही गप्प होती. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. सलासियानं अरबैनाला आणखी लवंगा आणायला पिटाळलं.

“बोल, गं. इथं भिंतींना कान असले तरी वाफेनं बंद झालेत.”

मग ती बोलली. नवरा गिलांग, डोंगरावरच्या थंड बांडुंगचा. निकाह गेल्या शुक्रवारी लागला, पण रीतीप्रमाणे मंचावर बसेपर्यंत दोघं वेगळीच. त्यानं तिला दोन वर्षं फोनमध्ये पाहिलं होतं. फोन कातडी गुळगुळीत करून दाखवतो. साखरपुड्याला एसी हॉलमध्ये दोघांच्याही तोंडाला रिझ्काचे थर होते, निकाहलाही होते.

“त्यानं हे तोंड बघितलंच नाहीये, जुलक. मंचावर रंग ओघळला तर चारशे माणसांसमोर बघेल.”

सलासियानं पातेल्याकडे पाहिलं. या भीतीपुढे दालचिनी काय करणार होती? लवंगा घेऊन आलेल्या अरबैनाला तिनं सांगितलं की गिलांगला बोलावून आण. तो कालव्यापलीकडे काकाकडे उतरलाय. रीत मोडतेय म्हणून अरबैनानं कपाळाला हात लावला. “निकाह लागलाय ना? मग रीत फक्त लोकांच्या तोंडात राहिली,” सलासिया म्हणाली.

गिलांग होडीतून उतरला तोच घामानं भिजलेला. तो चटईतून बाहेर आलेल्या लाल डोक्याकडे पाहून आदबीनं म्हणाला, “नमस्कार, ताई. नोरलैला कुठाय?”

पातेलं तेवढं रटरटत होतं. त्याला कळलं, तेव्हा त्याचे कान तिच्या चेहऱ्यापेक्षा लाल झाले. नोरलैला त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“तुझ्या गालावर खड्डे आहेत,” ती शेवटी म्हणाली.

“लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या.”

“फोनमध्ये नव्हत्या झालेल्या.”

तो हसला, मग तीही. चटई हलली आणि वाफ सगळ्या खोलीत पसरली. तुम्हीही तिमुंग घ्या, असं सलासियानं त्याला सुचवलं. आम्ही डोंगरातली माणसं, आम्हाला घाम येत नाही, असं तो गळा पुसत म्हणाला.

रविवारी सकाळी नोरलैलानं रिझ्काला सहाच थर लावायला सांगितले. रिझ्कानं कारण विचारलं. “त्यानं बघितलंय,” एवढंच उत्तर मिळालं. मंचावर ती पाच तास तांदळाच्या गोळीसारखी कोरडी बसली. शेजारी डोंगरातला माणूस कॉलरपर्यंत वितळत होता, आणि ती मधूनमधून त्याचा गाल टिपत होती. बायकांनी तेही फोनवर घेतलं. वाफ अजून चढी आहे, असं त्यांनी जेवणं उरकायच्या आत ठरवून टाकलं, आणि दोन आयांनी हात धुता धुता पुढच्या महिन्यांच्या तारखा धरल्या.

सगळे पांगल्यावर रिझ्का कृती मागायला आली. सलासियानं सावकाश मसाले सांगितले. कधीच न वापरलेले दोन घातले, कारण शहरातल्या लोकांचा लांब यादीवर विश्वास असतो. रिझ्कानं फोनमध्ये सगळं उतरवून घेतलं.

“आणि पोरीला बोलू द्यायचं,” सलासिया म्हणाली.

रिझ्कानं समजुतीनं मान डोलावली, आणि दालचिनी अख्खी टाकायची की कुटून, ते विचारलं.