सोमीच्या चेहऱ्याचा साचा

सोमीला देवाने रूप दिलं नव्हतं, आणि जे होतं त्याची वीटभट्टीने वाट लावली. निखारा उडाला नि डावी पापणी कायमची ओघळली. दात पुढे, गाल खोल. एकदा पनवेलजवळच्या त्या भट्टीवर सिनेमावाले आले. त्यांना हे तोंड असं आवडलं की त्यावर प्लास्टर थापून साचाच काढून नेला आणि त्यावरून हडळीचा मुखवटा बनवला. मोबदला काय, तर एक साडी आणि वडापाव. तोंडाला पानं पुसली, दुसरं काय!

पुढे भट्टी सुटली. सोमी सुकापूरला वल्लरीताईंकडे चारूला सांभाळायला लागली. चारू त्यांची तीन वर्षांची लेक. पोरीला आईपेक्षा सोमीमावशीचा लळा. सोमी वेडंवाकडं तोंड करायची, पोरगी खिदळायची, तेवढ्यात घास आत. सोमीला स्वतःचं मूल नव्हतं. सगळा जीव त्या पोरीत अडकलेला.

वल्लरीचा नवरा सत्यजीत हॉरर सिनेमांचा वेडा. दिवाणखान्यात काचेचं कपाट, त्यात कवट्या, रक्ताळलेले हात, बाहुल्या. घरात देव कोपऱ्यात आणि भुतं दर्शनी! त्याच्या वाढदिवसाला काय द्यावं म्हणून वल्लरीने सगळ्यांचं डोकं खाल्लं. पोस्टर नको, टी-शर्ट नको, दुसऱ्या कुठल्याच फॅनकडे नसेल असं काहीतरी हवं. शेवटी त्याच्या आवडत्या सिनेमातल्या हडळीचा मुखवटा मागवला. मोजकेच काढले होते म्हणे. खोकं उघडलं आणि सोमी हरखून म्हणाली, "ताई, हे तर माजं थोबाड हाय!"

तिथेच चुकलं. वल्लरीचे डोळे चमकले. मुखवटा काय, कुणीही विकत घेईल. अस्सल हडळ कुणाच्या घरात आहे?

"नाय ताई, लाज वाटते."

"दोनच मिनिटं, मावशी. साहेब खूश होतील."

वाढदिवसाला दिवे मालवले. सोमी मुखवटा लावून केकमागे उभी राहिली. ठरल्याप्रमाणे तिने तो काढला, आणि आत तेच तोंड! पाहुणे किंचाळले, हसले, मोबाइल तिच्या नाकाशी आणले. "आयला, हिला मेकअपपण नको!" असली गिफ्ट उभ्या जन्मात कुणी दिली नाही, असं सत्यजीत सगळ्यांना सांगत सुटला.

चारू आत्याच्या कडेवर होती. ती हसली नाही. सोमीने तिला हसवायला नेहमीसारखं तोंड वाकडं केलं, आणि पोरगी अशी किंचाळली की निळी पडली.

त्यानंतर सोमी दिसली की चारू थरथरायची. भरवू देईना, जवळ येऊ देईना. मग वल्लरी म्हणाली, "मावशी, उद्यापासून नका येऊ. तुम्हाला बघून पोर घाबरते. आम्ही तरी काय करणार?" घ्या! करून सवरून ही नामानिराळी.

सोमीने आपली पिशवी उचलली. चप्पल पायात सरकवणार, तोच सत्यजीत मुखवटा आणि स्टॅम्प पॅड घेऊन आला. "मावशी, मागच्या बाजूला अंगठा द्या ना. जिचा चेहरा तिचीच खूण! अशा वस्तूचा भाव वाढतो."

तिने अंगठा दिला. पदराला शाई पुसत म्हणाली, "एकदा पोरीला बगू द्या, ताई. लांबूनच."

"झोपलीय हो ती," वल्लरी दार लोटत म्हणाली.

आतून चारूचा आवाज आला, "आई, गेली का ती?"

"हो गं राणी, गेली," वल्लरी म्हणाली. सोमी अजून उंबऱ्यातच उभी होती.