भरून राहिलो

माझ्या भावाची, कवडूची चूक होती असं कोणी म्हटलं, तर मी आजही त्याच्या अंगावर धावून जाते. मी इंदूबाई. इतवारीच्या बाजारात मडकी विकते. कोणाच्या बापाले भीत नाही.

कवडू अठ्ठ्याहत्तर साली तेल शोधणाऱ्या सर्वे पार्टीत लागला. पार्टीचं हापिस धरमपेठेत, काम हिंगणघाटच्या पलीकडे, शेताशेतांतून. मी म्हटलं, "जमिनीत तेल हाय, हे वरून कसं कळते गा?" तर त्यानं माझं एक मडकं उचललं, टिचकी मारली. "तू कच्चं-पक्कं कशी ओळखते वं, ताई? तसंच!"

साठ फूट खोल भोक पाडायचं, तळाशी बारूद सोडायची, वरून चिखल-पाणी ओतून भोक भरायचं, म्हणजे धमाका वर उसळत नाही. मग सारे दूर झाले की बटन दाबायचं. धमाक्याचा आवाज खालच्या खडकाले धडकून परत येते, ट्रकातली मशीन कागदावर त्याच्या रेघा काढते. त्या रेघा पाहून साहेब लोक जमिनीचं पोट ओळखतात. भोक भरायचं काम कवडूचं. काठोकाठ भरल्याबिगर तो पठ्ठ्या पाणीही प्यायचा नाही. बटन मात्र ट्रकात बसलेल्या विश्वनाथ साहेबाच्या हातात. साहेब पुण्याचा, दोन वर्षांपासून इकडे.

त्या दिवशी साहेबानं ट्रकातून भोकापर्यंत ओढलेल्या तारेच्या फोनवर विचारलं, "कवडू, भोक भरलं का?"

"भरून राहिलो, साहेब."

अहो, घमेलं होतं त्याच्या हातात! आमच्याकडचं शेंबडं पोट्टंही सांगन, भरून राहिलो म्हणजे भरणं चालू हाय. साहेब समजला, भरून झालं. दाबलं बटन.

भोकातला चिखल अन् दगड उसळून कवडूच्या तोंडावर आले. धंतोलीच्या दवाखान्यात बावीस दिवस होता. उजवा डोळा गेला. एवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, हापिसातून कागद आला. कामगारानं भोक भरल्याचं सांगितलं, चूक कामगाराची, कामावरून कमी का करू नये? डोळा त्याचा गेला अन् जाबही त्यालेच! माझं टाळकंच सणकलं.

चौकशीच्या दिवशी मी त्याच्यासंग गेली. "बाई, बाहेर थांबा," म्हणाले. मी कशाची थांबते! आत टेबलामागे चौकशीचे मोठे साहेब मधुकरराव, बाजूले विश्वनाथ साहेब. कवडू मान खाली घालून उभा, जसा काही चोर.

विश्वनाथ साहेब म्हणाला, "'भरून राहिलो' असं तो स्वतः म्हणाला. मला वाटलं, भरून झालं. यांची ही भाषा मला कशी कळणार?"

मधुकरराव मान हलवून लिहू लागले. गेली नोकरी. एका डोळ्याच्या माणसाले दुसरं कोण ठेवते?

तेवढ्यात विश्वनाथ साहेबानं चपराशाले हाक मारली, "मार्तंड, चहा झाला का रे?"

आतून आवाज आला, "करून राहिलो, साहेब!"

"बरं, झाला की आण."

मी टेबलावर असा हात आपटला की मधुकररावांचा पेन उडाला. "काहून जी, साहेब? मार्तंड 'करून राहिलो' म्हणते, तर चहा अजून व्हायचा हाय, हे बरोबर कळते तुम्हाले! मग माझ्या भावाचंच काहून नाही कळलं? चहासाठी थांबता, माणसासाठी थांबत नाही?"

विश्वनाथ साहेबाचं तोंड एवढंसं झालं. मधुकररावांनी 'चूक कामगाराची' ही ओळ खोडली अन् वर 'गैरसमज' लिहिलं. मी म्हटलं, "गैरसमज कशाचा? घाई लिहा, साहेबाची घाई!" ते काही त्यांनी लिहिलं नाही. पण कवडूची नोकरी राहिली.

आम्ही पायऱ्या उतरत होतो, तर विश्वनाथ साहेब मागून धावत आला. आजूबाजूले पाहून हळूच म्हणाला, "कवडू, माझंच चुकलं. मी थांबायला हवं होतं."

जन्मात कधी साहेबापुढं मान वर न केलेला माझा भाऊ वळला. एका डोळ्यानं त्याच्याकडे पाहत म्हणाला, "मग हे आत काहून नाही बोलले, साहेब?"