‘आरोप’ आणि कॅपा

वृत्तपत्रातली नोकरी सोडून पीएच.डी.ला बसलो तेव्हा संख्याशास्त्राशी ओळख शाळेतल्या सरासरीपुरतीच होती. विषय होता महापालिकेच्या बातम्यांचे मथळे. प्रत्येक मथळा पालिकेला अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ, हे ठरवून संगणकात भरायचे. नियम माझेच. ते दुसऱ्यालाही तसेच लागू करता येतात, हे दाखवण्यासाठी मथळ्यांचा एक नमुना आणखी कोणीतरी स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक होते.

शनिवार पेठेत आमच्या खालच्या मजल्यावर मराठीच्या निवृत्त शिक्षिका राहतात. त्या तयार झाल्या. "पेपर खूप तपासले. संपादकांचा राहिला होता."

मी उपसंपादक होतो. बाईंना ते ठाऊक होते.

दोघांची उत्तरे शेजारी ठेवली तर बहुतेक ठिकाणी एकमत. ते घेऊन मार्गदर्शिकेकडे गेलो. त्या माझ्याहून वयाने लहान आणि मोजके बोलणाऱ्या.

"तुमचे बरेचसे मथळे तटस्थच आहेत. दोघांनी डोळे मिटून 'तटस्थ' लिहिलं असतं तरी पुष्कळ जुळलं असतं. कॅपा काढा."

योगायोगाने जेवढे जुळले असते ते वजा करून उरलेले एकमत मोजणारा आकडा म्हणजे कॅपा. तो त्यांनी घातलेल्या मर्यादेखाली आला तर नियम रद्द आणि वर्षभर भरलेले सगळे मथळे पुन्हा पहिल्यापासून.

आकडा खाली आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ता मांडला: आडव्या ओळींत माझी उत्तरे, उभ्या रकान्यांत बाईंची. मतभेद सगळीकडे विखुरलेले असतील असे वाटले होते. ते जवळजवळ सगळे एकाच चौकटीत होते. मी तटस्थ म्हटलेले, बाईंनी प्रतिकूल म्हटलेले. त्या चौकटीतले मथळे वेगळे काढून वाचले. रस्त्याच्या कामात गैरव्यवहाराचा आरोप. निविदेत घोळाचा आरोप. पुन्हा आरोप. चहा गार झाला. मी जिना उतरून खाली गेलो.

"बाई, हे प्रतिकूल कसं? आरोप दुसऱ्याने केलाय. पेपर स्वतः काहीच म्हणत नाही."

"अहो, ते तुम्ही वकिलाला सांगा. मी वाचणार ते गैरव्यवहार."

बातमीदार 'आरोप' हा शब्द कायद्यापासून बचावासाठी वापरतो. इतकी वर्षे तो लिहून मला तो वाचताना दिसेनासा झाला होता. नियमांत ती सवय जशीच्या तशी उतरली होती, आणि एका तक्त्याने ती उघडी पाडली. इतका आनंद पहिल्या पानावर नाव छापून आले तेव्हाही झाला नव्हता.

नियम बदलला. मथळ्याचा रोख वाचकाच्या नजरेने ठरवायचा. विधान कोणाचे, याचा रकाना वेगळा. जुना नमुना आता चालणार नव्हता, कारण त्यावर आमची चर्चा झाली होती. नवा काढला. बाई त्यांच्या टेबलावर, मी माझ्या. बोलायचे नाही, असे ठरले. जिन्यात भेटलो तरी विषय पावसाचा.

या वेळी कॅपा मर्यादेच्या बराच वर गेला. मार्गदर्शिकेने कळवले: "चालेल. जुन्यातले फक्त आरोपाचे मथळे पुन्हा तपासा." ते तर संगणकात 'आरोप' हा शब्द शोधून दुपारपर्यंत वेगळे निघणार होते. मी निकाल सांगायला खाली धावलो.

"पास का?" बाईंनी विचारले.

"दोघंही."

"ग्रेस मार्क लावून?"

"ग्रेस वजा करून, बाई."

"मग पेढे आणा," त्या म्हणाल्या, "आणि पुढचा गठ्ठा."