डाव्या दाराजवळचं बटण

गूलवाच्या किनाऱ्यावर ट्रूडी नॉस्केशी वाद घालायची छाती एकाच माणसाची होती, तिच्या नवऱ्याची. वर्षानुवर्षं लायल आणि ती कमरेभर लाटांत उभं राहून दाताळ्यानं वाळूतले तिसऱ्या शिंपले काढत आणि भांडत. वारा कुठून फिरणार इथपासून चहात साखर किती इथपर्यंत काहीही चालायचं. मागच्या हिवाळ्यात लायलला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही बरीचशी गेली.

त्यातून तो वाचला, पण होयबा झाला. सूप देऊ? मान डोलवायची. खिडकी लावू? मान डोलवायची. किनाऱ्यावर येतोस? तेव्हाही मान डोलवायची आणि गाडीत पोत्यासारखं बसून राहायचं. ट्रूडीला याचीच धास्ती होती. लुळा हात तिनं कधीच पत्करला होता, पण या मुकाट माणसाशी काही तिनं लग्न केलं नव्हतं.

वाळूत गाडी घालायची तर ती रुतू नये म्हणून चाकांतली निम्मी हवा सोडावी लागते आणि परत डांबरी रस्त्याला लागताना ती भरावी लागते. हे काम कायम लायलचं. गुडघे टेकून, छोटा पंप घेऊन, एकेका चाकाशी. आता तेही ट्रूडीवर आलं होतं. म्हणून तिनं गाडीतच कायमचा पंप बसवायचं ठरवलं, आणि ठरवलं म्हणजे झालंच.

लायलचा धाकटा भाऊ केल्विन मदतीला आला. म्हणजे उपड्या टोपलीवर बसून सॉसेज रोल खात उंटावरून शेळ्या हाकायला.

"अगं, बॉनेटखाली बसव की. सगळे तिथंच बसवतात."

"आणि सगळ्यांचे वर्षभरात गंजतात." ट्रूडीनं सीटच्या मागे, उंचावर लोखंडी पट्टी ठोकून पंप आवळला. "इथं याला कोरडी हवा मिळेल."

"कानठळ्या बसतील!"

"तुझ्या भावाच्या घोरण्यात जन्म काढलाय मी. हा पंप काय चीज आहे!"

बॅटरीपासून तिनं जाड वायर ओढली, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घातला. गाडीखालून चारी चाकांकडे नळ्या नेल्या, म्हणजे चारी चाकं एकदमच भरणार. मग बटण आणि हवेचा दाब दाखवणारा काटा घेऊन ती पलीकडच्या, डाव्या दाराशी गेली. केल्विननं कपाळावर हात मारला.

"तिकडे कुठं? गाडी तू चालवणार. तुझा हात पोचायचा कसा?"

"पोचू नये म्हणूनच."

केल्विननं घराच्या खिडकीकडे पाहिलं. तिथं लायल बसला होता, चांगला हात मांडीवर ठेवून. केल्विनचा आवाज एकदम खाली आला.

"आणि त्यानं नाहीच दाबलं तर?"

"तर उभी राहीन तिथंच."

"माल उन्हात मरेल, ट्रूडी."

"मरू दे!" तिनं स्क्रू करकचून पिळला.

दुसऱ्या दिवशी समुद्रानं भरभरून दिलं. गाडी मागे टपापर्यंत टोपल्यांनी भरली. वाळू संपली तिथं ट्रूडीनं गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं, नळ्या चारी चाकांना जोडल्या आणि लायलच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"दाब बटण. काटा चौतीसवर आला की बंद कर."

लायलनं मान डोलवली. हात हलला नाही.

मागे सुट्टीवर आलेल्यांच्या गाड्या साचू लागल्या. कुणीतरी हॉर्न दिला. "बाई, मी देऊ का भरून?" एकानं ओरडून विचारलं. "तू आपला गप बस रे!" ट्रूडी म्हणाली. तिचे हात शिवशिवत होते. तिनं ते रबरी पँटच्या पट्ट्यांत अडकवून ठेवले.

शेवटी लायलचा डावा हात उठला. बटण दाबलं गेलं आणि पंप खडखडाट करत सुरू झाला. वीस. तीस. चौतीस. काटा पुढे सरकला.

"लायल! चौतीस झाले!"

तो काट्याकडेच पाहत होता. आकडेही गेले की काय याचे? तिनं दाराला हात घातला, तसा लायलनं पंजा उभा धरला. थांब. मग अंगठ्यानं मागचा माल दाखवला. ओझ्यानं गाडी मागे पार बसली होती.

अडतीसला त्यानं बटण बंद केलं. ओठ बराच वेळ हलले.

"म... मठ्ठ," लायल म्हणाला.

"मठ्ठ कोण? मी? चौतीस पुरे होते!" ट्रूडी कडाडली. एवढ्या ओझ्याला ते पुरे नव्हते, हे तिला दिसत होतं. तरी प्रत्येक चाकाची नळी काढताना ती तोंड सोडून भांडत राहिली, आणि मागच्या गाड्यांतल्या लोकांना कळेना, की ही बाई नवऱ्याला एवढं फैलावर घेतेय, तर मग रडतेय कशाला.