सॅम्युएल उस्तादाच्या गाडीतला डबा

माझा धाकटा भाऊ गिदोन भिंगारदिवे केडगावात गाड्या दुरुस्त करतो. त्याला कोणी गरीब स्वभावाचा म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गिदोन गरीब स्वभावाचा नाही. त्याने एका माणसावर नऊ वर्षं डूख धरला, आणि मोठी बहीण म्हणून मी त्या रागाला रोज खतपाणी घातलं. मला त्याची लाज वाटत नाही.

तो माणूस म्हणजे सॅम्युएल वाघचौरे. दहावी झाल्यावर गिदोन त्याच्याच गॅरेजात लागला. पाना धरायला त्यानेच शिकवलं, हे मी नाकारत नाही. पंधरा वर्षं गिदोन त्याला उस्ताद म्हणत होता. आमच्या ख्रिस्ती मंडळीत सॅम्युएल पंच आहे. दर रविवारी पहिल्या बाकावर बसतो आणि गाताना आवाज असा चढवतो की देवाला दुसऱ्या कुणाचं ऐकूच जाऊ नये.

नऊ वर्षांपूर्वी रोझी टीचर आपली डिझेल गाडी त्याच्याकडे सर्व्हिसिंगला देऊन गेल्या. गिदोनला चौथीत त्यांनीच शिकवलं होतं. महिन्याभरात ती गाडी चालता चालता बंद पडायला लागली. दुसरीकडे दाखवली तर इंजिनाचा कॉम्प्युटर त्यांचा नव्हताच. इंजिनाला कधी, किती डिझेल द्यायचं हे ठरवणारा तो पत्र्याचा डबा. कोणीतरी चांगला काढून मोडका बसवला होता. सॅम्युएलने लगेच बोट दाखवलं. "गाडी गिदोनच्या हाताखाली हुती," एवढंच म्हणाला, आणि वर डोळे पुसले.

चौकीत जबाब झाला. पुरावा नव्हता म्हणून गिदोन सुटला, पण नाव चिकटलं आणि सॅम्युएलकडचं काम गेलं. रोझी टीचरांनी देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायरीवर त्याचा सलाम घेतला नाही. त्याच वर्षी आमची आई गेली, तेव्हा मातीला मोजून अकरा माणसं आली.

आणि एक गाढवपणा गिदोनने स्वतः केला. आमच्यात प्रभुभोजनाच्या आधी रीत आहे: ज्याच्या मनात भावाविषयी अढी असेल त्याने आधी ती सोडवायची, मगच भाकरीला हात लावायचा. गिदोनच्या मनातली अढी सुटत नव्हती. तो भाकरीचं ताट हात न लावता पुढे द्यायचा. मंडळीने त्याचा अर्थ काय काढला? चोराचं मन चोराला खातं! मी त्याला म्हटलं, "अरे गिद्या, घे की तुकडा, खोटं खोटं घे." तो म्हणाला, "आक्का, मला त्यो मानूस मातीत गेलेला बघायचाय. अशा तोंडानं कसं घेऊ?" नऊ वर्षं घेतला नाही.

मात्र त्या रागातून त्याने एक केलं. ज्या डब्याचा चोर म्हणून त्याला हाकललं, तो डबाच तो शिकायला बसला. जुन्या बाजारातून जळके कॉम्प्युटर आणायचा, उघडायचा, चटके खात सोल्डरिंगचे डाग द्यायचा. बायको नाही, पोर नाही. चोराला मुलगी कोण देणार? जेवायच्या ताटाशेजारी त्याचा लॅपटॉप असायचा. आज नगरमध्ये कुणाच्या गाडीच्या कॉम्प्युटरचं दुखणं कळेनासं झालं की लोक शेवटी केडगावच्या वाटेला लागतात.

गेल्या जूनमध्ये एका गुरुवारी सॅम्युएलही त्याच वाटेने आला.

मी गिदोनच्या गॅरेजात पावत्या लिहीत बसले होते. गाडी दारात उभी राहिली, तीही रोझी टीचरांच्या गाडीसारखीच, त्याच मॉडेलची. नुसती चालू ठेवली तरी इंजिन ताप भरल्यासारखं थरथरत होतं. आरसा हलत होता, डॅशबोर्डवरचा क्रूससुद्धा हलत होता. सॅम्युएल उतरला आणि काही घडलंच नाही अशा थाटात म्हणाला, "सलाम, गिदोन. जुनं कशाला उगाळायचं? माझा कॉम्प्युटर जळाला, दुसरा टाकला, तवापासून ही अशी करती. चार जागी दाखवून आलो. तूच बघ आता."

मी पेन आपटलं. चपलेकडेही माझा हात गेला होता. गिदोन फक्त म्हणाला, "दुसरा कुठून आनला, उस्ताद?"

"जुन्या बाजारातून."

"ठेवून जा. उद्या दुपारी या."

तो गेल्यावर मी गिदोनवर तोंड सोडलं. त्याने ऐकून घेतलं आणि बॉनेट उघडलं. राग कितीही असो, काम तो नीटच करतो. आधी अर्थिंगच्या वायरी घासून घट्ट केल्या. कुठून हवा ओढते का पाहिलं. इंजिनाचे रबर पाहिले, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरचं परत येणारं डिझेल बाटल्या लावून मोजलं. सगळं ठीक होतं. मग म्हणाला, "आक्का, प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा कोड असतो. त्यो कॉम्प्युटरात भरावा लागतो, न्हाईतर कुनाला किती डिझेल सोडायचं ते त्याला कळत न्हाई." त्याने डोक्यावरचे चार कोड कागदावर उतरवले आणि स्कॅनर लावून आतले चार पाहिले. एकही जुळत नव्हता. डब्यात दुसऱ्याच गाडीचे कोड होते.

"कुनाच्या गाडीचे?" मी विचारलं.

त्याने पुढचं पान उघडलं. त्यावर चॅसी नंबर होता. गिदोन खुर्चीत बसला. तो रोझी टीचरांच्या गाडीचा नंबर होता. त्याने चौकीत जबाबात तो तीनदा लिहिला होता, त्याला तोंडपाठ होता. सॅम्युएलने डब्यावरचं स्टिकर खरवडून काढलं होतं. आत नंबर असतो हे त्या पाना-पकडीच्या उस्तादाला ठाऊकच नव्हतं. विकायची छाती झाली नाही, फेकून द्यायला जीव झाला नाही. नऊ वर्षं माळ्यावर ठेवला आणि शेवटी स्वतःच्याच गाडीत लावला.

मी हसले. अगदी पोटभर, वाईट हसले. मग रोझी टीचरांना फोन केला. "बोलायचं नसलं तर बोलू नका, पण उद्या आरसी बुक घेऊन या."

शुक्रवारी दोघंही समोर होती. गिदोनने कागदावरचे चार कोड भरले आणि किल्ली फिरवली. इंजिन असं शांत झालं की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवावा. सॅम्युएलने त्याच्या पाठीवर थाप मारली. "शेवटी चेला कुनाचा!"

"तुमचाच, उस्ताद," गिदोन म्हणाला. "आता हे पान वाचा."

सॅम्युएलला कळेना. रोझी टीचरांनी चष्मा लावला, आरसी बुक स्क्रीनशेजारी धरलं आणि एकेक अक्षर, एकेक आकडा मोठ्याने वाचला. वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसा. शेवटचा आकडा वाचून झाला तेव्हा सॅम्युएलच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आपल्या आपल्यात मिटवून टाकू," तो म्हणाला.

टीचर म्हणाल्या, "मी चौकीत जाऊ, का तुम्ही रविवारी देवळात बोलता?" मग त्या गिदोनकडे वळल्या. चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. मला त्यांची दया आली नाही. नऊ वर्षं त्यांनाही ठेचलं असतं तरी मला चाललं असतं.

गिदोनने इंजिन बंद केलं. दहा नंबरचा पाना घेतला, सॅम्युएलच्या गाडीतून तो डबा खोलून काढला, फडक्याने पुसला आणि टीचरांच्या हातात दिला. "तुमचा हाय, बाई."

रविवारी भाकरी फिरायच्या आधी पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, कोणाला कोणाशी काही मिटवायचं आहे का. सॅम्युएल उठला. "माझ्याकडनं गिदोनच्या बाबतीत गैरसमज झाला हुता," असं काहीतरी पुटपुटला.

मागच्या बाकावरून गिदोन उभा राहिला. "गैरसमज न्हाई. काय झालं हुतं ते सांगा."

टीचरांनी मांडीवरचा डबा वर उचलून दाखवला. सॅम्युएलने बाक धरला. "चोरी मी केली," तो म्हणाला. "गिदोननं न्हाई."

भाकरीचं ताट आलं तेव्हा गिदोनने ते पुन्हा पुढे दिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. "अजून मन साफ न्हाई," तो हळूच म्हणाला. माझंही नव्हतं. मीही ताट पुढे दिलं.

उपासना सुटल्यावर सॅम्युएल गर्दीतून वाट काढत पायरीशी आला. सगळे बघत होते. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "झालं ते झालं, पोरा."

गिदोनने खिशातून गाडीची किल्ली काढून त्या पसरलेल्या हातावर ठेवली. "गाडी दारात उभी हाय, उस्ताद. टेम्पो घेऊन या. वढून न्यावी लागंल."