दिवा वाढला

आमच्या उभ्या संसारात घरात काही फुटलं नाही, विझलं नाही, संपलं नाही. सगळं वाढलं. बांगडी वाढली, दिवा वाढला, कुंकू वाढलं. आमच्या कुसुमच्या तोंडी अशुभ शब्द यायचाच नाही. माहेर कसबा पेठेतलं, तिथूनच हे वळण घेऊन आली होती. मी गॅरेजातला माणूस, शाळा चौथीपर्यंत. फुटलं त्याला फुटलंच म्हणणारा. "बल्ब गेला" म्हटलं तरी ती डोळे वटारायची. "अहो, जिभेला काही हाड?"

एकदा बिबवेवाडीतल्या दुकानदाराला म्हणाली, "कुंकू वाढलंय, एक पुडी द्या." तो खवचट. "वाढलंय तर नेता कशाला? आणून विका." हिनं पुडी पिशवीत टाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "तुमचं दुकानही असंच वाढो." दुकान वाढवणं म्हणजे शटर ओढणं, हे त्यालाही ठाऊक. बिचाऱ्याला आशीर्वाद की शिवी, कळेना. मी रस्ताभर हसलो. ती नाही हसली.

केबल नवीन आली तेव्हाची गोष्ट. केबलवाला रविवारी दुपारी सारखा तोच एक इंग्रजी पिक्चर लावायचा. एक लोखंडी माणूस, छातीत निळा दिवा. एका पोरीला उडत्या यंत्रांपासून वाचवतो, नुसती मारामारी. आमच्या लेकीला, मनीला, तो पाठ होता. इंग्रजी तिघांनाही येत नव्हतं, म्हणून कुसुम मराठीत सांगायची. "तो म्हणतोय, बाळ, माझ्या मागं उभी राहा." "ती म्हणतेय, तू जेवलास का?" लोखंडाला जेवण कुठलं? पण हिच्या पिक्चरमध्ये सगळ्यांना जेवण विचारलं जायचं. शेवटी तो जळतं दार धरून उभा राहतो, पोरगी निसटते आणि त्याच्या छातीतला दिवा मंद होत जातो. तेवढ्यात ही उठून टीव्ही बंद करायची. "त्याचा दिवा वाढला. चला, चहा टाकते."

मनीनं ते तसंच्या तसं धरलं. दिवा वाढला, म्हणजे त्याच्यात ताकद आली, तो उठला. फ्रॉकच्या गळ्यात माझी बॅटरी खोचून ती पलंगावरून उडी मारायची. "माझा दिवा वाढला!" कुसुमचा हात कपाळाला जायचा. पण खरा अर्थ तिनं पोरीला कधी सांगितला नाही. सांगायचा तर तो दुसरा शब्द तोंडातून काढावा लागला असता.

मनी शिकली, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. घरातला दिवा वाढला म्हणजे विझला, हे तिला कळायला लागलं होतं, पण पिक्चरमधला दिवा तिच्या मनात लहानपणीचाच राहिला. कुसुम दवाखान्यात होती तेव्हा एका सकाळी ऑफिसला जाता जाता आली. "आई, त्या लोखंड्यासारखं उठायचं हं. त्याचा कसा वाढला होता दिवा!" कुसुम तिच्याकडं बघत राहिली. मग हसली. "हो गं बाई. आता माझाही वाढेल." मनी खूश होऊन गेली. खरा अर्थ मला कळत होता. पण तेवढ्यापुरता मीही पोरीचाच अर्थ धरून बसलो. संध्याकाळी मनी परत आली तेव्हा आई नव्हती.

महिन्याचा दिवस झाला त्या दुपारी मनीनं लॅपटॉपवर तो पिक्चर शोधला. "आईचा पिक्चर बघू, बाबा." आता बघितलं तर लोखंडी माणूस नुसता पत्र्याचा, वरून रंग मारलेला. "याचं मडगार्ड ढिलं आहे," मी म्हणालो. मनी हसली, आई गेल्यापासून पहिल्यांदा. मग ते जळतं दार आलं. दिवा मंद झाला. टीव्ही बंद करायला कुणी उठलं नाही. दिवा गेला, ती पोरगी मागं वळून रडली आणि नावांच्या पाट्या सुरू झाल्या.

"बाबा, हा मेला."

"मेलाच. तेव्हाही मेला होता."

"आई तर म्हणायची..." ती थांबली. "म्हणजे दवाखान्यात आई मला..."

"हो."

"आणि मी हसत हसत ऑफिसला गेले."

"तिला तुला तसंच पाठवायचं होतं."

म्हणालो खरा. पण लेकीनं थांबावं, हात हातात घ्यावा, असंही तिला वाटलं असेल. आता विचारायचं कुणाला?

कुसुमच्या फोटोपुढची ज्योत वाऱ्यानं फडफडायला लागली. मनीनं डोळे पुसले.

"बाबा, पंखा बंद करा. दिवा वाढेल."

मी उठलो आणि पंखा बंद केला.